पायाखालचा बर्फ

(हिमालयातील हिवाळी भटकंती या विषयावर नभोवाणीवर केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्याकडे फोन यायला लागतात. "काका, नाताळच्या सुट्टीत केदारकंठाला चाललोय. बर्फ मिळेल ना?" फोन करणारी पोरं पुण्याची, ठाण्याची, नाशिकची, कोल्हापूरची असतात. पावसाळाभर सह्याद्रीत हिंडलेली, पायात दम असलेली, राजगड-तोरणा एका दिवसात करणारी. त्यांना कुठली बॅग घ्यावी, कुठले बूट घ्यावेत, आईने दिलेले मेथीचे लाडू न्यावेत की नाही, हे सगळं विचारायचं असतं. बर्फ किती असेल, हे तर हमखास विचारतात. पण बर्फ कसा असेल, असं आजवर एकानेही विचारलेलं मला आठवत नाही.

यात त्यांचा तरी काय दोष? उसाच्या रसात घालतात तो बर्फ, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात साचतो तो बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. आपल्याकडे तो पडतच नाही, म्हणून त्याच्या जाती ओळखायची गरज पडली नाही. भाताच्या जाती सांगा म्हटलं तर आपल्या कोकणातली आजी दहा नावं सांगेल. पण डोंगरावर साठलेल्या बर्फाच्याही जाती असतात, त्या एकमेकींवर थराथराने बसतात, आणि त्यातला एक थर कच्चा निघाला तर वरचे सगळे थर घेऊन डोंगर खाली येतो. यालाच आपण हिमस्खलन म्हणतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही. कसं कळलं, ते आधी सांगतो.

१९९० च्या दशकातला एक जानेवारी महिना. मनालीजवळच्या सोलंग नाल्यातून वर धुंदी नावाचं ठिकाण लागतं. आज तिथे जवळच अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आहे, गाड्या जातात. तेव्हा हिवाळ्यात तिथे चिटपाखरू नसायचं. आम्ही पुण्याचे चौघे ब्यासकुंडाच्या बाजूला जायला निघालो होतो. गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम झालेला, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज. बरोबर पलीकडच्या गावातले एक वाटाडे होते. वय साठीच्या आसपास. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू.

दोन दिवस बर्फ पडत होता. तंबूवर साठलेला बर्फ रात्रीतून दर दोन तासांनी झटकावा लागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूची चेन उघडली आणि डोळे दिपले. आभाळ निळंशार, वारा नाही, देवदारांवर बर्फाच्या गाद्या. आम्ही भराभर बुटांच्या नाड्या बांधायला लागलो. चाचा मात्र चहा घेत बसून राहिले. म्हणाले, "आज नहीं. दो दिन धूप खाने दो."

आता दोन दिवस थांबायचं म्हणजे परतीचं झेलमचं रिझर्वेशन जाणार. आमच्यातल्या दोघांची बँकेतली रजा संपत होती. शिवाय इतकं सुंदर ऊन पडलेलं असताना थांबायचं कशासाठी? सह्याद्रीत धो-धो पाऊस थांबून ऊन पडलं की माणूस निघतो. आम्ही म्हातारबाबांची समजूत घातली. खरं सांगायचं तर समजूत घातली नाही, हट्ट केला. ते उठले, काठी घेतली आणि काही न बोलता पुढे चालू लागले.

तासाभराने एका मोकळ्या, जवळजवळ सपाट जागेवर आलो. डाव्या हाताला उतार चढत गेलेला. चाचांनी आम्हाला एकेकाने, अंतर ठेवून यायला सांगितलं. तेही आम्ही नीट ऐकलं नाही. मी मधोमध होतो. पाय टाकला आणि जमिनीखालून आवाज आला. कसा सांगू? धान्याचं भरलेलं पोतं उंचावरून खाली टाकल्यावर येतो तसा, 'व्हुम्फ'. माझ्यासकट सगळं मैदान वीतभर खाली बसलं. क्षणभर वाटलं, खाली पोकळी असेल. तेवढ्यात डावीकडे पाहिलं तर वरच्या उतारावर, माझ्यापासून चांगलं शंभर पावलांवर, एक काळी रेघ आडवी धावत गेली. आणि रेघेच्या खालचा सगळा उतार, फरशी फुटावी तसा तुकड्या-तुकड्यांनी सरकू लागला.

मी त्या उतारावर नव्हतोच. माझा पाय लागला होता तो सपाटीला. आमच्यातला उंच गडी, त्याला आम्ही लंबू म्हणायचो, उताराच्या पायथ्याशी फोटो काढायला गेला होता. बर्फाची कड त्याच्यापर्यंत आली, त्याला उलथवलं आणि थांबली. तो छातीपर्यंत गाडला गेला. डोकं आणि एक हात बाहेर. आम्ही धावलो. बर्फ भुसभुशीत असेल, हाताने उकरू, अशी माझी कल्पना. पण थांबल्याक्षणी तो सिमेंटसारखा घट्ट झाला होता. आमच्याकडे फावडं नव्हतं. जेवणाची ताटं, एक बर्फाची कुऱ्हाड आणि हातमोजे, एवढ्यावर त्याला बाहेर काढायला पाऊण तास लागला. छातीवरच्या दाबाने त्याला पूर्ण श्वास घेता येत नव्हता. "हळू, हळू" एवढंच तो म्हणत होता. गुडघा पिरगळला होता, बाकी सुखरूप. त्याचं डोकं वीतभर खाली असतं तर हे भाषण मी आज वेगळ्या आवाजात केलं असतं, किंवा केलंच नसतं.

सगळं आटोपल्यावर चाचा तुटलेल्या कडेपाशी गेले. ती कड गुडघाभर उंचीची, सुरीने कापल्यासारखी सरळ. तिच्या बुडाशी त्यांनी हात घातला आणि मूठभर बर्फ काढून माझ्यासमोर धरला. तो बर्फ मुठीत राहिना. जाड साखर बोटांतून ओघळावी तसा खाली सांडला. "देखो, चीनी," ते म्हणाले. रागावले नाहीत, मला बोलही लावला नाही. ते मला जास्त लागलं.

ती साखर कुठून आली, हे समजलं की निम्मा विषय समजतो. म्हणून इथे जरा थांबतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिला बर्फ पडतो तो थोडा, फूटभर. त्यानंतर बरेचदा दोन-तीन आठवडे आभाळ निरभ्र राहतं. खाली जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, त्यामुळे बर्फाच्या तळाचं तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकतं. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे पंधरापर्यंतही उतरतो. म्हणजे अवघ्या फूटभर जाडीत पंधरा अंशांचा फरक. दहा सेंटिमीटरला एक अंश एवढा फरक झाला तरी पुढची गोष्ट सुरू होते, इथे तर त्याच्या कितीतरी पट आहे. तळाच्या उबदार कणांतून वाफ निघते, वर चढते आणि थंड कणांवर पुन्हा गोठते. असं रात्रंदिवस चालतं. पडताना नाजूक चांदणीसारखे असलेले, एकमेकांत अडकलेले कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी कंगोरेदार, मोठे, सुटे स्फटिक तयार होतात. खडीसाखरेचा बारीक चुराच म्हणा ना. त्यांचा एकमेकांशी धरबंध नसतो.

उलट बर्फ बराच जाड असेल, तर तोच पंधरा अंशांचा फरक सगळ्या जाडीत वाटला जातो. अशा वेळी कण गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात, थर पक्का बसतो. म्हणून कमी बर्फ म्हणजे कमी धोका, हे आपल्याला वाटतं तितकं खरं नाही. ज्या वर्षी सुरुवातीला बर्फ थोडा पडून थंडी कडक पडते, त्या वर्षी तळात साखर तयार होते आणि ती महिनोन्‌महिने तशीच राहते. तिच्यावर जानेवारीचा मोठा बर्फ येऊन बसतो. वरून सगळं पांढरं, सारखं, साजरं. रव्याच्या थरावर शहाबादी फरशी अंथरावी आणि ती सगळी पाटी तिरकी करून ठेवावी, असा तो प्रकार. फरशी सरकत नाही तोवर काहीच कळत नाही. मग कुणाचा तरी पाय पडतो.

आणि पाय कुठे पडतो त्यालाही फारसा अर्थ नाही. माझा पाय सपाटीवर पडला, खालचा साखरेचा थर तिथे मोडला आणि ते मोडणं पत्त्यांच्या रांगेसारखं शेजारी-शेजारी पळत उतारापर्यंत गेलं. सपाटीवर फरशी नुसती बसली, उतारावर ती सुटली. तो 'व्हुम्फ' आवाज म्हणजे डोंगराने स्वतः दिलेला इशारा असतो. त्याहून स्पष्ट इशारा नाही. तो ऐकू आला की आल्या पावली मागे फिरावं, त्यावर चर्चा करू नये.

कच्चा थर दुसऱ्याही रीतीने होतो. स्वच्छ, गार, निवांत रात्री आपल्याकडे गवतावर दव पडतं ना, तसंच तिथे बर्फावर दव गोठतं. सकाळी उन्हात पिसांसारखे पारदर्शक पापुद्रे चकाकताना दिसतात. फोटोला फार छान. त्यावर नंतर हलक्या हाताने नवा बर्फ पडला की ते पापुद्रे उभेच्या उभे गाडले जातात, आणि पुढची फरशी त्यांच्यावर उभी राहते.

वाऱ्याचंही सांगितलं पाहिजे. आभाळातून बर्फ एक फूट पडला असेल, पण वारा डोंगराच्या एका अंगावरचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला, आडोशाच्या बाजूला, तीन-तीन फूट नेऊन टाकतो. वाहताना कण घासून बारीक होतात आणि जिथे पडतात तिथे घट्ट पाटी तयार होते. चालताना ती ढोलासारखी पोकळ वाजते. माणसाला वाटतं, अरे वा, बर्फ टणक लागला, पाय रुतत नाही. तिथेच तो फसतो. धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसला तर तो कुठल्या बाजूला पडतोय ते पाहावं आणि त्या बाजूच्या उताराखाली जाऊ नये.

उन्हाळ्याच्या तोंडावर गोष्ट बदलते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हाने पाणी आत झिरपतं, कणांचे सांधे सुटतात आणि बर्फ ओल्या मिठासारखा जड होऊन सरकतो. त्याला माणसाचा पाय लागायचीही गरज नसते. म्हणून त्या दिवसांत पहाटे तीनला निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, असा रिवाज आहे. रात्री गोठलेला बर्फ पहाटे पक्का असतो. यापेक्षा अधिक त्यात काही नाही.

आता उताराकडे वळू. बर्फाच्या फरश्या बहुतेक करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही सर्वांत जास्त पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, पडता-पडताच ओघळतो. तिसापेक्षा कमी उतारावर तो सहसा सुटत नाही. पस्तीस अंश म्हणजे किती, तर आपल्या घराच्या, सोसायटीच्या जिन्याइतका. जिना साधारण तीस ते पस्तीस अंशांचा असतो. बर्फात बूट रोवून मजेत चढता येईल, उतरताना घसरगुंडी करावीशी वाटेल, नेमका तोच उतार हा. पण तुमची वाट सपाटीवरून जात असली म्हणून तुम्ही मोकळे झालात असं नाही. वर डोक्यावर काय आहे ते पाहायला हवं. ट्रेकिंगच्या बहुतेक वाटा उतारावरून जात नाहीत, उताराच्या खालून जातात.

सह्याद्रीत घडलेला पाय इथे घात करतो, असं मला वारंवार वाटत आलं आहे. आपल्याला नाळ म्हणजे वाट. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घ्या, कोकणात उतरणाऱ्या कितीतरी घाटवाटा घ्या, पाणी जिथून उतरतं तिथून माणूस उतरतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. बर्फाच्या डोंगरात नाळ म्हणजे हिमस्खलनाचा हमरस्ता. वरचा सगळा बर्फ त्यातूनच यायचा. आणि छोटंसं स्खलन असलं, तरी नाळेच्या तळात ते पसरायला जागा नसते, त्यामुळे एकावर एक साचून माणूस पुरुषभर खोल गाडला जातो. आपल्याकडे जंगल सोडून मोकळवनात आलं की हायसं वाटतं. तिथे देवदारांच्या रानात मधूनच वरपासून खालपर्यंत एक पट्टा झाडांविना दिसला, किंवा भोजपत्राची झाडं सगळी खालच्या दिशेला वाकलेली दिसली, खोडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर ते मोकळवन कुणी आणि कसं केलं हे ओळखायचं असतं. तंबू ठोकायला ती जागा फार सोयीची वाटते.

चाचांनी "दो दिन" का म्हटलं, तेही आता सांगता येईल. मोठी हिमवृष्टी झाल्यावर पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वांत वाईट. नवा भार पडलेला असतो, खालच्या थरांना तो पेलायला वेळ मिळालेला नसतो. आणि याच काळात आभाळ उघडून ऊन पडतं. म्हणजे डोंगर सर्वांत देखणा दिसतो, त्याच दिवशी तो सर्वांत नाठाळ असतो.

२०१४ सालची गोष्ट आठवते. ऑक्टोबर महिना, नेपाळात ट्रेकिंगचा ऐन हंगाम. १२ ऑक्टोबरला 'हुदहुद' नावाचं चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. बातम्यांत आपण पाहिलं, किनारपट्टीची दैना झाली. पण त्याची उरलेली ओल उत्तरेला सरकत गेली आणि १४ तारखेला अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरुंग खिंडीच्या परिसरात, बर्फाचं वादळ होऊन कोसळली. वादळात आणि हिमस्खलनांत मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. देशोदेशीचे ट्रेकर, नेपाळी वाटाडे, हमाल. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचा आणि हिमालयातल्या बर्फाचा संबंध असतो, हे कितीजणांच्या ध्यानात येतं? हिवाळ्यात हा बर्फ बहुधा उलट दिशेने, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबर येतो. त्यामुळे ट्रेकला निघण्याआधी फक्त मुक्कामाच्या गावाचं हवामान पाहून भागत नाही.

अनुभव असला की माणूस वाचतो, असंही समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात द्रौपदी का डांडा या शिखरावर गिर्यारोहणाच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली. एकोणतीस जण गेले. त्यांत प्रशिक्षक म्हणून गेलेली सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने सोळा दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू सर केलं होतं. तिच्यापुढे आम्ही कोण? अनुभवी माणसाची एक अडचण असते. दहा वेळा धोक्याच्या उतारावरून जाऊन काही झालं नाही, की आपला अंदाज बरोबर होता असं त्याला वाटायला लागतं. प्रत्यक्षात नऊ वेळा नशीब बरोबर असू शकतं. हे मी स्वतःविषयी बोलतो आहे.

आणि हा प्रश्न शिखरं चढणाऱ्यांपुरताही नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भर दुपारी बर्फ कोसळला आणि सात पर्यटक दगावले. जीपमधून उतरून बर्फात खेळणारी आपल्यासारखीच माणसं. मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात दिवसेंदिवस बर्फ पडत राहिला आणि गावंच्या गावं स्खलनांखाली आली, दोनशेहून अधिक लोक गेले. ती तर तिथलीच, पिढ्यान्‌पिढ्या बर्फात राहणारी माणसं होती.

आता, माणूस पूर्ण गाडला गेला तर काय? स्वित्झर्लंडमध्ये या विषयाची फार काटेकोर नोंद ठेवली जाते. पूर्वी असं सांगत, की पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या पाहणीने ही मुदत दहा मिनिटांवर आणली आहे. अर्धा तास झाला की दहातले तीनच उरतात. माणूस थंडीने मरत नाही, गुदमरून मरतो. उच्छ्वासाची वाफ तोंडासमोरच्या बर्फावर गोठून बर्फाचा मुखवटा तयार होतो आणि हवा बंद होते. हेलिकॉप्टर, लष्कर, पोलीस हे सगळे नंतर येतात. पहिल्या दहा मिनिटांत येऊ शकतात ते फक्त तुमच्या शेजारून चालणारे सोबती.

अपवाद असतात. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचेनवर, साडेएकोणीस हजार फुटांवरच्या चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. पंचवीस-तीस फूट बर्फाखाली, निवाऱ्यातल्या हवेच्या पोकळीमुळे. तीन दिवसांनी त्यांनीही दिल्लीत प्राण सोडला. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ता संघटनेच्या कामगारांची छावणी बर्फाखाली आली. चोपन्न जण होते, सेहेचाळीस वाचले, आठ गेले. तिथेही बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये असल्यामुळे त्यांना हवा मिळाली. ट्रेकरच्या डोक्यावर कंटेनर नसतो.

म्हणून तीन वस्तू. पहिली, छातीवर बांधायचं ट्रान्सीव्हर नावाचं छोटं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्‌झवर सतत संदेश सोडतं आणि शोधणाऱ्याने आपलं यंत्र शोधण्याच्या खटक्यावर टाकलं की दिशा आणि अंतर दाखवतं. मोबाईल त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरी, प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, बर्फात टोचून माणूस नेमका कुठे आहे ते पाहायला. तिसरी, फावडं. तेही धातूचं. एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर तरी बर्फ उपसावा लागतो, जेवणाच्या ताटाने ते होत नाही हे मी सांगू शकतो. आणि या तिन्ही वस्तू एकाकडे असून उपयोग नाही, प्रत्येकाकडे हव्यात. ज्याच्याकडे आहेत तोच गाडला गेला तर? शिवाय त्या वापरायचा सराव हवा. मैदानात कापडी पिशवीत यंत्र लपवून पाच मिनिटांत शोधायचा खेळ आम्ही मुलांकडून करून घेतो. पहिल्या दिवशी बहुतेकांना वीस मिनिटं लागतात.

आपल्याकडे या वस्तू महाग आहेत, सहजी मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या नसतील तर धोक्याच्या उताराखाली जायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात असतं. एक साधा हिशेब करा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड एवढी फरशी म्हणजे डोंगरावर अगदी किरकोळ. तिच्यात साडेचारशे घनमीटर बर्फ झाला. घनमीटरला दोनशे किलो धरले तर नव्वद टन. दहा टनी नऊ ट्रक, काही सेकंदांत तुमच्या अंगावर रिते व्हावेत तसे.

अंदाज आणि इशारे मिळतात का? मिळतात. मनालीला १९६९ पासून संरक्षण खात्याची हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था काम करत होती. २०२० मध्ये तिचं दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी विलीनीकरण होऊन चंडीगडची नवी संस्था झाली, तिला डीजीआरई म्हणतात. तिच्याकडून हिवाळ्यात जिल्हावार इशारे निघतात आणि राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापनाकडून जाहीर होतात. माणाच्या दुर्घटनेच्या आदल्या संध्याकाळीही चमोलीसह उत्तराखंडच्या वरच्या जिल्ह्यांसाठी असा इशारा निघाला होता. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. युरोपातला अनुभव असा, की डोंगरात हिंडणारी फार माणसं चौथ्या-पाचव्या पायरीला मरत नाहीत, तेव्हा सगळे घरातच बसतात. मरतात ती तिसऱ्या पायरीला. तीन म्हणजे पाचातलं मधलं, मध्यम, चालेल, असं वाटतं. चालत नाही. आणि इशारा जिल्ह्याचा असतो. तुमच्या समोरच्या उताराचा इशारा तुम्हालाच वाचायचा असतो, किंवा तो वाचता येणाऱ्या माणसाचं ऐकायचं असतं.

म्हणून फोन करणाऱ्या मुलांना मी आता काही गोष्टी विचारायला सांगतो. ट्रेक नेणाऱ्या संस्थेला विचारा: बर्फ पडला तर एक राखीव दिवस ठेवला आहे का? परत फिरायचं कुणी ठरवणार, आणि त्याने ठरवलं तर पैशांवरून वाद घालणारा कुणी निघेल का? वाटेत उताराखालून जाणारे टप्पे कुठले, ते एकेकाने ओलांडणार की पंचवीस जणांची रांग जाणार? गेल्या वर्षी एका मुलीने हे प्रश्न ईमेलने पाठवले, तर उत्तर आलं, "काळजी करू नका, आमच्याकडे ऑक्सिजन सिलिंडर आहे." तिने दुसरी संस्था शोधली. परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा, असंही मी सांगतो. आमची झेलम त्या वेळी नाही तरी चुकलीच. लंबूला पाठीवर घेऊन सोलंगला यायला दोन दिवस लागले.

चाचांना मी त्यानंतर दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला त्यांच्या गावामागचा डोंगर दाखवला आणि कुठल्या नाळेतून कुठल्या महिन्यात बर्फ येतो हे बोटाने सांगत गेले. प्रत्येक नाळेला नाव होतं. मी वहीत लिहून घेत होतो, तर हसले.

वेळ संपत आली. तुमच्यापैकी कुणी या हिवाळ्यात जाणार असेल, तर आज एक काम करा. मोबाईलमध्ये उताराचा कोन मोजायची सोय असते. फोन काठीवर आडवा धरा आणि काठी जिन्यावर टेकवून आपल्या जिन्याचा कोन मोजा. आकडा कागदावर लिहून ठेवू नका, त्या जिन्याच्या तळाशी उभं राहून वर बघा. तो उतार डोळ्यांत बसला पाहिजे. तिथे गेल्यावर फोनची बॅटरी थंडीने उतरलेली असते.